मॉनिटर लुकलुकतोय? नवीन घ्यायच्या आधी घरातली लाइट तपासा

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, जुनं, आणि वायरिंगही घराच्याच वयाचं. मी घरूनच काम करतो, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर. मागच्या वर्षी मार्चच्या आसपास माझा २४ इंची मॉनिटर मधूनच काळा व्हायला लागला, दोन सेकंद काळा आणि मग परत चालू, दिवसातून दहा-बारा वेळा. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगून टाकलं की पॅनल गेलंय, दुसरा घ्या, आणि मी खरंच घ्यायला निघालो होतो. त्याच संध्याकाळी आई स्वयंपाकघरात गॅस पेटवत होती, लायटर लागत नव्हता म्हणून थांबून थांबून तीन-चार खटके मारले तिने, आणि प्रत्येक खटक्याला इकडे माझी स्क्रीन काळी. माझ्या टेबलाच्या भिंतीपलीकडेच ओटा आहे. मी ओरडून म्हटलं, आई, परत एकदा लायटर मार ना. तिने मारला, आणि परत काळी.

मॉनिटर आजही तोच आहे, एकदम ठणठणीत. दोष केबलमध्ये होता, पंख्याच्या बटणात होता आणि सगळ्यात जास्त अर्थिंगमध्ये होता, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या वायरीत. तिन्ही मिळून जो खर्च आला तो नवीन मॉनिटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्यांना इलेक्ट्रिकलचं काहीही माहीत नाही त्यांच्यासाठी, कारण असे कितीतरी चांगले मॉनिटर भंगारात जात असतील याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. मॉनिटर किंवा त्याचा अॅडॉप्टर उघडायचा नाही. २३० व्होल्टचा एसी करंट आत डीसी झाला की साधारण ३२५ व्होल्ट होतो आणि तो आतल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यानंतरही साठून राहू शकतो, हात लागला तर जोरात बसतो. आणि स्विच बोर्ड स्वतः खोलायचा नाही, ते काम वायरमनचं. बाकी तपासणीचा बराचसा भाग तुम्ही घरबसल्या करू शकता, त्याला एक वही, एक पेन, मोबाइल आणि शेजाऱ्याकडून उसनी आणलेली एक केबल एवढं पुरतं.

सुरुवात: नक्की काय होतंय ते नीट बघा

"फ्लिकर होतंय" एवढं सांगून काही कळत नाही, कारण प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

स्क्रीन पूर्ण काळी होऊन एक-दोन सेकंदांनी परत येत असेल, कधीकधी "नो सिग्नल" असं पण दिसत असेल, तर बहुतेक वेळा सिग्नल तुटतोय, म्हणजे केबल किंवा बाहेरून येणारा इलेक्ट्रिकचा झटका. चित्र आहे पण त्यावर बारीक रंगीत ठिपके चमकतायत, तर केबल कमजोर आहे. आडवे पट्टे किंवा लाटा सरकतायत, चित्र थरथरतंय, तर अर्थिंग किंवा खराब अॅडॉप्टर. उजेड कमी-जास्त होतोय तर पॉवर सप्लाय, लूज कनेक्शन किंवा नुसतं एखादं सेटिंग. आणि सतत बारीक मिचमिच, जी नजर हलवली की जास्त जाणवते, ती बऱ्याचदा बॅकलाइटची असते. ब्राइटनेस कमी ठेवला की काही मॉनिटर बॅकलाइट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतात. ब्राइटनेस १०० वर नेऊन बघा, मिचमिच गेली तर घरातल्या लाइटचा संबंध नाही आणि पुढचं सगळं वाचायची गरज पण नाही.

मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. पुढे वायरमनला किंवा सर्व्हिसवाल्याला दाखवायला तो फार कामाला येतो, कारण माणूस आला की नेमकं त्या वेळी काही होत नाही.

कॉम्प्युटरचा दोष आहे का ते आधी बाजूला काढा

याला दहा मिनिटं लागतात, आणि हे न करता वायरमनला बोलावू नका.

मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबा, तो ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टवाला मेनू उघडा आणि फ्लिकर व्हायची वाट बघा. मेनू स्थिर आहे आणि मागचं चित्रच हलतंय, तर मॉनिटर ठीक आहे, दोष केबलकडे किंवा कॉम्प्युटरकडे. मेनू पण सोबत लुकलुकतोय तर दोष मॉनिटरच्या पॉवरमध्ये किंवा बॅकलाइटमध्ये. पूर्ण काळी होत असेल तर मेनू पण जाणारच, तेव्हा या टेस्टवर जाऊ नका. तिथे मॉनिटरचा छोटा दिवा बघा, काळी झाल्यावर तो रंग बदलत असेल किंवा मिचमिचत असेल तर सिग्नल गेला, आणि पूर्ण विझत असेल तर पॉवरच गेली.

विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी सगळं लुकलुकतंय आणि टास्क मॅनेजर स्थिर आहे तर एखादं अॅप गोंधळ घालतंय, टास्क मॅनेजर पण लुकलुकत असेल तर डिस्प्ले ड्रायव्हरकडे, म्हणजे स्क्रीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे बघा. विंडोजची की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, स्क्रीन क्षणभर काळी होते, घाबरू नका. गेमिंग मॉनिटर असेल तर फ्रीसिंक किंवा जीसिंक (स्क्रीनचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) बंद करून बघा, काही पॅनलवर त्यानेच उजेड कमी-जास्त होत राहतो. लॅपटॉपमध्ये आपोआप ब्राइटनेस बदलणारं सेटिंग असतं ते पण बंद करा.

आणि लॅपटॉपवाल्यांसाठी सगळ्यात सोपी टेस्ट: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. फ्लिकर थांबला तर बहुतेक चार्जर किंवा अर्थिंग, दोघांपैकी एक पकडलं.

वही

आता मुख्य काम. माझं ठाम मत आहे की फ्लिकर कधी होतो हे कळलं की तो का होतो हे निम्मं कळलेलं असतं. महागातला मल्टिमीटर जे सांगणार नाही ते चार दिवस लिहिलेली वही सांगते. वेळ लिहा, काय झालं ते लिहा आणि घरात त्या क्षणी काय चालू-बंद झालं ते लिहा. घरच्यांनाही सांगून ठेवा की बटण दाबलं की आवाज द्या, दोन दिवस त्यांना वैताग येतो पण देतात.

माझ्या वहीतलं एक पान असं होतं:

१०:४० काळी. काहीच चालू-बंद केलं नाही.
११:०५ काळी. आप्पांनी हॉलमधला पंखा बंद केला.
१:१५ काळी, दोनदा. आईने कुकर लावला.
२:३० आप्पांनी पंखा चालू केला. काही नाही.
३:१० पंखा बंद. काळी.
५:२० लाइट गेली, इन्व्हर्टरवर आहे. पंखा बंद. काळी.

या सहा ओळींनी केवढं सांगितलं बघा. पंखा चालू करताना काही होत नाही, बंद करतानाच होतं. आणि लाइट गेलेली असताना, म्हणजे बाहेरच्या तारेचा संबंधच नसताना पण होतं, त्यामुळे दोष घरातच आहे, महावितरणकडे तक्रार करून उपयोग नव्हता. १०:४० चं कोडं मात्र बरेच दिवस सुटलं नाही, ते पुढे सांगतो.

पंखा बंद केल्यावरच का होतं

पंख्याच्या मोटरमध्ये तांब्याची कॉइल असते. करंट चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठलेली असते, बटण बंद केलं की ती कुठेतरी जायला बघते आणि बटणाच्या दोन पत्र्यांमध्ये बारीक ठिणगी उडते. जुन्या बोर्डात अंधारात बघितलं तर फटीतून निळसर दिसते पण. ही ठिणगी म्हणजे एक छोटासा रेडिओ ट्रान्समीटरच, आणि भिंतीतल्या वायरी त्याच्या अँटेना. गॅसच्या लायटरचं पण तेच, आत एक खडा असतो त्यावर हातोडी आपटते आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते. तिथे वायरीची पण गरज नाही, हवेतूनच येतं.

आता एचडीएमआय केबलमधून, म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र मॉनिटरला नेणाऱ्या केबलमधून, जो सिग्नल जातो तो फक्त साधारण अर्ध्या व्होल्टचा असतो, आणि साध्या फुल एचडी ६० हर्ट्झला सेकंदाला जवळपास साडेचार अब्ज बिट त्यातून पळत असतात. केबलचं आवरण कमजोर असेल तर तो झटका आत शिरतो, मॉनिटरचा ताल चुकतो आणि तो सिग्नल पहिल्यापासून जुळवायला घेतो. ठिणगी हजारांश सेकंदाची असली तरी परत जुळवायला दोन सेकंद लागतात, म्हणून स्क्रीन काळी. मॉनिटर बिघडलेला नसतो, उलट तो स्वतःला सावरत असतो.

उपाय दोन बाजूंनी. ठिणगी कमी करायची आणि केबल मजबूत करायची.

ठिणगीसाठी: ते बटण जुनं असेल, दाबताना लिबलिबीत लागत असेल, गरम होत असेल तर बदलून घ्या. वायरमनने आमच्या हॉलचं बटण काढलं तेव्हा आतला पत्रा काळा पडून खड्डा झालेला होता. बटण बदलूनही फरक पडला नाही तर वायरमनला सांगून बटणावर स्नबर लावता येतो, म्हणजे कपॅसिटर आणि रेझिस्टन्सची छोटी जोडी, ठिणगी गिळून टाकते. लावला तर मेन लाइनसाठी असलेल्या एक्स-टू प्रकारचाच कपॅसिटर लावायला सांगा, दुसरा कुठलाही नको.

पंखा चालू असताना सतत त्रास होत असेल तर रेग्युलेटर बघा. जुना मोठा डबा असतो तो गरम होतो पण असला त्रास देत नाही. गोल फिरवायचा, सलग स्पीड बदलणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मात्र करंटची लाट सेकंदाला १०० वेळा कापतो आणि प्रत्येक काप म्हणजे एक छोटा धक्का. कटकट आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरणारे जे असतात त्यात बहुतेक वेळा कपॅसिटर असतात, ते शांत. टेस्ट सोपी आहे, पंखा फुल करा. फुलवर फ्लिकर गेला आणि दोनवर आणला की परत आला तर रेग्युलेटर बदला.

घरात जुना रेडिओ असेल, सेलवर चालणारा आणि मीडियम वेव्ह लागणारा, तर तो फार उपयोगी आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवा, नुसती खरखर ऐकू येईल, आणि मग तो घेऊन घरभर फिरा. जिथे खरखरीची गुरगुर होते, मोठी होते, तिथे चोर आहे. आमच्याकडे एका स्वस्तातल्या मोबाइल चार्जरजवळ नेल्यावर रेडिओ अक्षरशः ओरडायला लागला. तो चार्जर मॉनिटरच्याच एक्स्टेन्शनवर होता.

केबल

मी यावर सगळ्यात जास्त पैसे वाचवले म्हणून थोडं लांबवतो.

पहिलं, केबल दोन्ही बाजूंनी काढून परत घट्ट बसवा. हसू नका, बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मग टेबलाच्या मागे वाकून बघा. माझ्याकडे तीन मीटरची एचडीएमआय होती, अंतर होतं हातभर, आणि उरलेली केबल मी पॉवरच्या वायरींबरोबर गुंडाळून रबरबँड लावून टाकली होती, व्यवस्थित दिसावं म्हणून. तेच चुकलं. पॉवरची वायर आणि सिग्नलची वायर कधीही एकत्र बांधायची नाही, त्यांच्यात वीतभर तरी अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर फुलीसारखं ओलांडा, समांतर पळवू नका. वेटोळं करू नका.

दुसरं, लांबी गरजेपुरती. दीड मीटरमध्ये भागत असेल तर पाच मीटर घेऊ नका. विकत घेताना जाड दिसते म्हणून घेऊ नका, वरचं रबर जाड असू शकतं आणि आत झटके अडवणारी धातूची जाळी पातळच. पाकिटावर प्रीमियम हाय स्पीडचं सर्टिफिकेशनचं लेबल आहे का बघा, त्यात स्कॅन करायचा कोड असतो. असल्या केबल सेकंदाला १८ गिगाबिटला तपासलेल्या असतात आणि बाहेरचा त्रास किती आत-बाहेर जातो याची पण परीक्षा झालेली असते. एमजी रोडवर विचारलं तर आधी सुटी केबल हातात देतात, लेबलवाली मुद्दाम मागावी लागते. सोन्याचा मुलामा वगैरेसाठी जास्त पैसे द्यायची काही गरज नाही.

तिसरं, फेराइट. काही केबलला टोकाजवळ जो काळा गोल गठ्ठा असतो ना, तो फेराइटचा. सुटे पण मिळतात, क्लिपसारखे उघडून केबलवर बसवायचे, मॉनिटरच्या टोकाजवळ एक आणि कॉम्प्युटरच्या टोकाजवळ एक. आतलं छिद्र केबलला घट्ट बसेल असंच घ्या, सैल बसलं तर उपयोग कमी. यातून केबलच्या बाहेरच्या जाळीवरून येणारा झटका दबतो, आतल्या सिग्नलला धक्का लागत नाही. खराब केबल मात्र फेराइटने चांगली होत नाही.

खात्री करायला मी नवीन केबल लावल्यावर आईचा लायटर आणला आणि केबलपासून हातभर अंतरावर खटका मारला. एकदाही काळी झाली नाही. ही टेस्ट तुम्हीही करू शकता, पण लायटर मॉनिटरच्या पोर्टला किंवा केबलच्या टोकाला टेकवायचा नाही आणि जवळपास गॅस, सॅनिटायझर, पेट्रोल काही नको.

१०:४० चं कोडं

नवी केबल लावायच्या आधी हे काळं होणं हिवाळ्यात एवढं वाढलं होतं की वहीची पानंच्या पानं भरली. काही चालू-बंद न करता काळी. शेवटी लक्षात आलं, मी खुर्चीवरून उठलो की होतं. खाली गॅसचा दांडा असलेली, उंची कमी-जास्त होणारी खुर्ची आहे, उठलं की गादी फुगते, कापड घासतं, स्टॅटिक तयार होतं आणि खुर्चीतल्या लोखंडात त्याची ठिणगी उडते. जवळ लोंबणारी केबल ती पकडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा किती कोरडी असते ते माहीतच आहे, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की इकडे स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेच हे. पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा हा प्रकार जवळपास बंद होतो. म्हणून फक्त थंडीत, फक्त उठताना-बसताना होत असेल तर वायरिंग उकरू नका. केबल खुर्चीपासून लांब भिंतीकडून न्या, खुर्चीवर सुती कापड टाका, चांगली केबल लावा, एवढ्यात भागतं.

अर्थिंग: इथे कंटाळा करू नका

बाकी सगळं सोयीचं आहे, हे जिवाचं आहे.

लॅपटॉपच्या किंवा कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी असताना हात लावला की झिणझिण्या येतात का? हाताच्या मागच्या बाजूने हलकेच घासून बघा, बारीक खरखरीत लागतं. म्हणजे त्या पत्र्याला अर्थिंग मिळत नाहीये. अॅडॉप्टरच्या आतल्या फिल्टरमुळे पत्रा साधारण मेनच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतो, करंट अगदी किरकोळ असतो म्हणून बसत नाही, नुसती मुंगी येते. पण दोन यंत्रं अशी वेगवेगळी तरंगत असली आणि मध्ये केबल जोडली की तो करंट केबलच्या जाळीतून वाहतो आणि सोबत सगळ्या घराचा कचरा घेऊन येतो. म्हणून कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकाच बोर्डवर लावा, एक हॉलच्या सॉकेटवर आणि एक बेडरूमच्या असं नको. आणि दोन्ही यंत्रं चालू असताना केबल काढ-घाल करू नका, त्याने पोर्ट उडू शकतो.

थ्री पिनच्या प्लगची वरची जाड पिन अर्थची. ती कापून किंवा टू पिनचं कन्व्हर्टर लावून काम भागवलं असेल तर ते आजच बंद करा. एक्स्टेन्शन बोर्ड पण बघून घ्या, बाजारात असे कितीतरी आहेत ज्यांना भोकं तीन आहेत आणि आत वायरी दोनच.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवा. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज (करंट आणणारी वायर), डावं न्यूट्रल (करंट परत नेणारी) असायला हवं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. माझ्याकडे फेज-अर्थ १४० दाखवत होतं आणि आकडा स्थिरच राहत नव्हता. वापरता येत नसेल तर शिकायची ही जागा नाही, सरळ वायरमनला बोलवा.

आमचे वायरमन काका आले, मेन बंद केला, सॉकेट खोललं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. हिरवी वायर आतपर्यंत आलेली होती, पण दुमडून, वर काळी टेप गुंडाळून मागे खोचून ठेवलेली. ज्याने कोणी फिटिंग केलं त्याने ती जोडलीच नव्हती. इतकी वर्षं त्या सॉकेटवर आमचं सगळं चालू होतं. काकांनी टेप सोडली, टोक सोलून स्क्रू आवळला, पाच मिनिटांचं काम. त्यानंतर रीडिंग २३१ आणि न्यूट्रल-अर्थ दीड.

मग खाली अर्थिंगचा खड्डा बघितला. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातला कोळसा-मीठ कोरडं पडतं आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. जुना खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी टाका. सोसायटीत असाल तर खड्डा कुठे आहे ते सेक्रेटरींना विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यावर पार्किंगच्या फरश्या बसवलेल्या असतात.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे लोक आहेत. त्याने झिणझिण्या थांबतात, फ्लिकर पण कदाचित थांबेल, पण उद्या न्यूट्रल कुठे तुटला तर तुमच्या फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यात पूर्ण २३० व्होल्ट येतील. कोणी असं करत असेल तर करू देऊ नका. आणि जमत असेल तर मेनला ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या.

मोटर, घरघंटी आणि व्होल्टेज

सोसायटीची पाण्याची मोटर किंवा घरातली घरघंटी चालू झाली की बल्ब मंद होतो आणि मॉनिटर पण लुकलुकतो, असं असेल तर दुकानदार लगेच स्टॅबिलायझर विकायला बघतात. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, व्होल्टेज पडतं, हे खरं. पण तुमच्या मॉनिटरच्या मागचं लेबल वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे १८० झाले तरी त्याला काही फरक पडत नाही. मग लुकलुकतो का? तर कुठेतरी जोड सैल आहे, लोड आला की तिथे ठिणगी उडते. सॉकेट सैल असेल, पिन हलवली की करकर होत असेल, एमसीबीचा (मेन बोर्डावर आपोआप पडणारा स्विच असतो त्याचा) स्क्रू ढिला असेल. ते वायरमनकडून आवळून घ्या, स्टॅबिलायझरचे पैसे ठेवा खिशात. नाहीतर मॉनिटरचा अॅडॉप्टर म्हातारा झालाय, थंड असताना लुकलुकतो आणि अर्ध्या तासाने ठीक होतो, तो बदला. व्होल्ट आणि पिनची पोलॅरिटी तंतोतंत तीच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

घरातले काही बल्ब मंद आणि त्याच वेळी काही एकदम लख्ख होत असतील तर मात्र मॉनिटर सोडा, मेन बंद करा. थ्री फेज लाइनवरचा न्यूट्रल सुटत असल्याची ती खूण आहे, २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट येऊन सगळं जळू शकतं. लगेच महावितरणला १९१२ वर कळवा, वायरमनला पण बोलवा.

माझ्या मावसभावाचं नाशिकरोडला महा-ई-सेवा केंद्र आहे, शेजारी ग्रिलचं वेल्डिंग. शेजारचं मशीन चालू असेपर्यंत त्याच्या जुन्या मॉनिटरवर पट्टे थरथरायचे. तो व्हीजीए केबलवर होता, निळ्या टोकाच्या, आणि व्हीजीए अॅनालॉग असल्यामुळे मेनची गुरगुर थेट चित्रात दिसते. इथे एक छान युक्ती आहे. आपली लाइट ५० हर्ट्झची, स्क्रीन ६० ची, त्यामुळे पट्टे सेकंदाला दहा वेळा धावतात आणि चित्र थरथरल्यासारखं दिसतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ मिळत असेल तर ते निवडा. पट्टा जागेवर उभा राहिला किंवा अगदी हळू सरकायला लागला तर शंभर टक्के तो लाइटमधूनच येतोय. त्याचा उभा राहिला. अर्थिंग नीट केलं, व्हीजीए काढून एचडीएमआय लावली, पट्टे गेले. लोक मॉनिटरजवळचे स्पीकर हलवा असं अजून सांगतात, ते जुन्या डब्याच्या मॉनिटरला लागू होतं, चपट्या एलसीडीला लोहचुंबकाने काही होत नाही.

इन्व्हर्टरवर असतानाच त्रास होत असेल, पंखाही घुं-घुं करत असेल, तर इन्व्हर्टर बहुतेक स्क्वेअर वेव्हचा आहे. कॉम्प्युटर त्याच्यावर ठेवू नका, पुढचा घ्याल तेव्हा प्युअर साइन वेव्हचा घ्या. फक्त लाइट जाताना-येताना एकदाच लुकलुकत असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू करा.

बदल एकेकच करा

नवीन केबल, फेराइट, बटण, अर्थिंग सगळं एका दिवशी करू नका. एक बदल, मग दोन-तीन दिवस वही, मग दुसरा. नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी परत सुरू झालं की पहिल्यापासून सुरुवात.

आणि हे सगळं करूनही लुकलुकतच असेल तर मॉनिटर उचला, अॅडॉप्टर आणि केबलसकट दुसऱ्या घरी न्या, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि तासभर चालवा. तिथेही तेच झालं तर दोष मॉनिटरचा. मग सर्व्हिस सेंटरला जा, वॉरंटीचं बिल, मोबाइलवरचा व्हिडिओ आणि वही सोबत न्या. मेनू उघडून काय दिसलं, दिवा विझला की रंग बदलला, दुसऱ्या घरी किती वेळ चालवला, हे काउंटरवरच सांगा आणि जॉब शीटवर लिहून घ्या.